चौदाशे ग्रॅम

सान्ता दोरोतेआ,
गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपार

प्रिय नेलिदा,

तुझे घर माझ्या घरापासून चार चौकांवर आहे, आणि तरीही मी तुला पत्र लिहितो आहे, याचे तुला नवल वाटेल. कारण सरळ आहे. समोर बसलो असतो तर मी युक्तिवाद केला असता. तीस वर्षे वकिली आणि त्यानंतर बारा वर्षे तर्कशास्त्राचे अध्यापन केलेल्या माणसाला दुसरे काही येत नाही. तू ऐकून घेतले असतेस आणि शेवटी मीच बरोबर ठरलो असतो. आज मला बरोबर ठरायचे नाही. लिहून झाल्यावर हा कागद मी स्वतः तुझ्या दाराखालून सरकवीन आणि घंटा न वाजवता परत येईन.

नऊ वर्षे तू एक निष्कर्ष उराशी धरून जगते आहेस. दानिलोच्या अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, तू तो एकदाच मोठ्याने उच्चारलास: "कुंपणातून हात मी घातला, पापा. माझ्याच हातानं पोर गेलं माझं." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. त्या मौनाला तू सांत्वन समजलीस. नेलिदा, तो निष्कर्ष खोटा आहे. त्याचे खंडन मी त्याच क्षणी करू शकत होतो, त्याआधी दोन वर्षेही करू शकत होतो, कारण खंडनाचा पुरावा माझ्या खिशात होता. तो या पत्रासोबत जोडला आहे. आधी पत्र वाच, मग ती चिठ्ठी उघड. हा क्रम मी का मागतो आहे ते शेवटी कळेल, आणि कळल्यावर त्याबद्दलही तू मला दोष देशील.

दानिलो कसा वर चढला हे तुला मी सांगावे असे नाही, पण पुराव्याला आरंभ लागतो. दूध संघाच्या कोठारांमागच्या मातीच्या वर्तुळावर तो पहिल्यांदा शर्यतीच्या गाडीत बसला तेव्हा आठ वर्षांचा होता. रेमोने ती छोटी गाडी ट्रॅक्टरच्या कार्यशाळेत उरल्यासुरल्या नळ्यांतून जोडली होती, आणि ती डावीकडे ओढत असे. पोराने ती ओढ समजून घेतली, आणि वळणावर गाडी आडवी घसरवत नेण्याची जी कला इतरांना वर्षांनी येते ती त्याला तीन रविवारांत आली. बाकीच्या मुलांचे बाप कुंपणाशी उभे राहून कुरकुरत: "रेमो, तुझ्या पोराला सरळ चालवायला शिकव की, खेकडा आहे का तो?" रेमो म्हणे, "खेकडा पहिला आला ना, मग त्याच्या चालीशी तुला काय करायचंय?" आणि शर्यत संपली की तू तारेच्या कुंपणातून हात घालून त्याला येर्बाच्या कडू काढ्याची तुंबी देत असस, दोन चमचे साखर घातलेली. पुरुष कडू पितात, पोर गोड पिते म्हणून सगळे चिडवत. तो लाजत नसे. नळी तोंडात धरूनच तो तुला शर्यत सांगे, आणि अर्ध्या शब्दांऐवजी फक्त गुडगुड ऐकू येई.

अकराव्या वर्षी प्रांताचे अजिंक्यपद. चौदाव्या वर्षी डांबराचा मार्ग, जिथे मातीवर शिकलेली प्रत्येक गोष्ट दोष ठरते. तो ती सहा महिन्यांत विसरला. शिकण्यापेक्षा विसरणे कठीण असते, आणि तेव्हा मी प्रथम मान्य केले की हा मुलगा बुद्धिमान आहे. सोळाव्या वर्षी उघड्या चाकांची पहिली खरी गाडी, राष्ट्रीय मालिकेचा कनिष्ठ वर्ग, राजधानीतला संघ, तिथलेच वसतिगृह. त्याच सुमारास मला त्या मालिकेच्या पंचमंडळाचे अध्यक्षपद मिळाले. नातू धावत असताना पंच होऊ नये, असे ओविदियोने मला स्पष्ट सांगितले होते. वजनकाट्यावर बसणारा तो म्हातारा, आपल्याकडे वकिलाला म्हणतात तसे मला डॉक्टर म्हणणारा, कधी अघळपघळ बोलत नसे. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही त्याला सोडलंत तर लोक बोलतील, आणि धरलंत तर घर बोलेल. कशाला यात पडता?" मी त्याला उत्तर दिले की ज्याला पक्षपात करता येतो त्यालाच निःपक्षपाती होता येते. वाक्य ऐकायला चांगले होते.

मग तो वाढला. दीड वर्षात चौदा सेंटिमीटर. "फ्लाको" हे नाव त्याला तेव्हा पडले. गावात दर तिसऱ्या काटकुळ्या पोराला ते पडते, आणि कुणी त्याचा विचार करत नाही. त्याचे गुडघे सुकाणूला लागू लागले; रेमोने बैठकीतली गादी काढून टाकली, मग बैठकच कापली. अडचण गुडघ्यांची नव्हती. गाडी आणि चालक मिळून एक किमान वजन भरावे लागते. हलकी मुले गाडीच्या तळाला शिशाच्या पट्ट्या ठोकून ते भरून काढतात आणि शिसे हवे तिथे, खाली, बसवतात. आपल्या मुलाच्या गाडीत एकही पट्टी नव्हती, आणि तरी तो किमान वजनाच्या वर सहा किलो होता. संघाचा अभियंता त्याच्यादेखत रेमोला म्हणाला, "पोरगं सोनं आहे, पण लांबलचक सोनं आहे. सहा किलो म्हणजे फेरीला दोन दशांश सेकंद. युरोपवाले दोन दशांशांवरच माणूस निवडतात."

आता मी त्या रविवारच्या जेवणाकडे येतो. ते तुला आठवत असेल, पण माझे वाक्य आठवत नसेल, कारण त्या वेळी तू राव्हिओली वाढत होतीस आणि सगळे हसत होते. रेमो अभियंत्याचे बोलणे सांगत होता. मी काटा खाली ठेवला आणि वर्गात मांडावे तसे मांडले: वजनाची तीन पदे आहेत, गाडी, नियम आणि चालक. गाडी आणखी हलकी होत नाही. नियम बदलत नाही. सांगा, तिसरे पद कोणते? दानिलोने तोंडापर्यंत नेलेला घास ताटात ठेवला, हात वर केला, शाळकरी मुलाच्या आवाजात म्हणाला, "सर, मी!" आणि आपण सगळे हसलो. मीही हसलो. त्याने अनुमान अचूक केले होते. त्या दिवशी तो पुन्हा जेवला की नाही, ते मी पाहिले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातल्या काही गोष्टी मी पुढे ठेवतो. तुला त्या सगळ्या माहीत आहेत. फक्त त्या एका ओळीत कधी मांडल्या गेल्या नाहीत. तो शनिवारी वसतिगृहातून येई तेव्हा घरातही रेमोचे जाड जाकीट घालून बसे. तुएर्का कुत्रा त्या वर्षी इतका सुटला की रेमो म्हणाला, "याला आता शिशाच्या पट्टीऐवजी गाडीखाली बांधावं." कुत्रा कुणाच्या ताटातले खात होता हे कुणी विचारले नाही. येर्बाचा पहिला घोट घेतला की तो "ग्रासियास" म्हणून तुंबी परत करी. आपल्याकडे ग्रासियास म्हटले की पुढचा घोट नको, एवढाच त्याचा अर्थ. आणि जुलैमध्ये एके दिवशी त्याने तुला सांगितले, "आई, साखर नको घालूस. कडूच दे." तू ती तुंबी हातात धरून माझ्याकडे धावत आली होतीस. तुझे डोळे चमकत होते. "पापा, ऐकलंत का? पुरुष झाला माझा पोरगा!" मी म्हणालो, वेळ झालीच होती.

डिसेंबरची शेवटची शर्यत. जिंकणाऱ्याला इटलीतल्या कनिष्ठ मालिकेत एक पूर्ण मोसम मिळणार होता. आपला भर उन्हाळा, अडतीस अंश उष्मा. तो पहिला आला, आणि निर्विवाद आला. तपासणीच्या आवारात गाडी थांबली, तो उतरला, कुंपणाकडे चार पावले गेला, आणि तुझा हात, तो आठ वर्षांचा होता तेव्हासारखाच, तारेतून आत आला. काट्यावर जाण्याआधी चालकाला कुणी काहीही देऊ नये, हा नियम सकाळी मीच सगळ्या पालकांना वाचून दाखवला होता. तूही मान हलवली होतीस. पण आईने पुढे केलेली तुंबी नाकारणारे मूल या प्रांतात अजून जन्मायचे आहे. त्याने एक घोट घेतला. दुसऱ्या संघाच्या माणसाने बोट दाखवले.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. यापुढचे कुणालाच ठाऊक नाही, कारण वजनकाट्याच्या छपराखाली आम्ही तिघेच होतो: दानिलो, ओविदियो आणि मी. आपण अपात्र ठरलो हे त्याला अजून कळायचे होते. ओविदियोने गाडी काट्यावर घेतली आणि त्याला आत बसवले. किमान वजनाला चौदाशे ग्रॅम कमी. ओविदियोने काटा शून्यावर आणून पुन्हा मोजले. तेवढेच. मग कमी भरल्यावर करतात तसे त्याने दानिलोला एकट्याला उभे केले. हेल्मेट, पोशाख, बूट, सगळे धरून साडेसत्तावन्न किलो. म्हणजे तो स्वतः त्रेपन्नच्या आत. एक मीटर चौऱ्याऐंशी उंचीचा मुलगा. एप्रिलमध्ये परवान्यासाठी त्याचे अंगचे वजन झाले होते तेव्हा ते बहात्तर होते. सहा किलो पुरेसे होते, नेलिदा. तो सहावर थांबला नव्हता. मग रेमो रिकाम्या तळाला शिसे ठोकत गेला असणार, आणि "उन्हाळ्यात पोरं सुकतात" असे स्वतःला समजावत गेला असणार. शुक्रवारच्या चाचणीत मात्र वजन बरोबर भरले होते, आणि तेव्हाच मला आठवले की शुक्रवारी मी त्याला गाड्यांच्या मागे पाण्याच्या नळाला तोंड लावून बराच वेळ पिताना पाहिले होते. तो आपला हलकेपणा बापापासून लपवत होता. रविवारपर्यंत ते पाणी गेले, आणि उरले ते घामाने नेले.

ओविदियोने पेन्सिल उचलून विचारले, "डॉक्टर, काय लिहू?" आणि दानिलो, हेल्मेट काखेत धरून, आजोबाला लहानपणापासून मारायचा तीच हाक मारत अगदी हळू म्हणाला, "नोनो, आईला सांगू नकोस हं."

माझा विचार असा झाला, आणि तो मी जसाच्या तसा लिहितो, कारण तो निर्दोष होता. कमी वजन नोंदले तर गाव म्हणेल रेमोने शिसे काढले. मुलगा लबाड ठरेल, बाप लबाड ठरेल, कार्यशाळा बंद पडेल. येर्बाचा घोट नोंदला तर शिक्षा तीच, अपात्रता. पण आईच्या मायेला कुणी लबाडी म्हणत नाही. निकालाला दोन स्वतंत्र आणि पुरेशी कारणे असताना त्यांतले एकच नोंदवणे हे असत्यकथन नव्हे. म्हणून मी लिहिले: वजनापूर्वी पेय स्वीकारल्यामुळे अपात्र, वजन ग्राह्य धरले नाही. साडेसत्तावन्न या आकड्याला तर नियमात स्थानच नव्हते. ओविदियोने वजनाचे आकडे लिहून सही केलेली चिठ्ठी वहीतून फाडून माझ्या हातात दिली. "हे तुमच्यापाशीच राहू द्या, डॉक्टर. मी वजन करतो. न्याय तुम्ही करा." तो पुन्हा कधी माझ्याशी पत्ते खेळायला आला नाही, आणि चार वर्षांपूर्वी वारला.

गाव माझ्या अपेक्षेप्रमाणेच वागले. हसले, हळहळले, माझी वाखाणणी केली. पाववाल्याच्या दुकानात कुणीतरी म्हणाले, "म्हातारा दगड आहे, पण सरळ दगड आहे. नातवालाही सोडलं नाही." तू तर तीन दिवसांनी माझ्याकडे येऊन माझेच सांत्वन केलेस. "पापा, तुम्ही तुमचं काम केलंत. चूक माझी होती." त्या दिवसापासून तुझ्या घरात येर्बा निघाली नाही. मी तुझ्याकडे कॉफी पीत आलो, आणि दर वेळी मला वाटले की हा विषय आता काळानेच मिटवावा. रेमो आणि दानिलो यांना वाचवण्यासाठी मी जिची किंमत शून्य धरली, ती तू होतीस.

पुढे तो तुझ्या डोळ्यांदेखत जेवेनासा झाला, आणि तू म्हणालीस, शर्यत गेली म्हणून. दोन वर्षांनी, मार्चच्या सकाळी, बापाच्या कार्यशाळेत हातात पाना असताना त्याचे हृदय थांबले. वीस वर्षांचा होता. आणि तू म्हणालीस, कुंपणातून गेलेला हात. कावळा बसला आणि फांदी मोडली; पण ती फांदी आतून कधीच पोकळ झाली होती, आणि ते पोकळपण किलोग्रॅममध्ये मोजलेले, लिहिलेले, सही केलेले माझ्या पाकिटात होते. त्या संध्याकाळी मी ती चिठ्ठी तुला दिली असती तर तू अपात्रतेचे दुःख करत बसली नसतीस. तू त्याला सोमवारी डॉक्टरकडे नेले असतेस. तुझ्याजवळ दोन वर्षे होती. ती तुझ्याकडून मी घेतली, आणि तुला त्यांच्या जागी एक अपराध दिला. क्षमा मागण्यासाठी काही आधार असावा लागतो. मला तो सापडत नाही, म्हणून मी ती मागत नाही.

एक्क्याऐंशीव्या वर्षी मी हे का लिहितो आहे? मनावरचे ओझे उतरवून मरावे, असा हेतू असता तर मी ते घेऊनच मेलो असतो. तेवढी शिस्त माझ्यात आहे. कारण तुझी धाकटी, ओर्नेला आहे. ती या वर्षी गुणतक्त्यात पहिली आहे, पंधरा वर्षांची आहे, भावासारखीच उंच होत चालली आहे, आणि दहा दिवसांनी तिची मोसमातली शेवटची शर्यत आहे. तुझ्या घरात मिळत नाही म्हणून ती दर गुरुवारी येर्बा प्यायला माझ्याकडे येते, हे तुला माहीत आहे आणि तू माहीत नसल्यासारखे करतेस. गेल्या रविवारी, काट्यावर जाण्याआधी, मी तिला गाड्यांच्या मागच्या नळाशी ओणवी पाहिले, बराच वेळ. एका चिन्हावरून अनुमान करू नये, असे मी शिकवत आलो, म्हणून मी आजच्या गुरुवारची वाट पाहिली. तेही माझे पाप गण. आज बाराच्या ठोक्याला ती आली, माझे जुने लोकरी जाकीट मागून घेऊन अंगावर चढवले, नोव्हेंबरच्या उन्हात, आणि मी साखरेचा डबा उघडला तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचे मनगट माझ्या मनगटापेक्षा बारीक होते. "नोनो, साखर नको. कडूच दे. मी आता मोठी झाले." एक घोट घेतला आणि म्हणाली, "ग्रासियास." नेलिदा, उद्या पहाटे, ती नळापाशी जाण्याआधी, तिला अनवाणी काट्यावर उभी कर. तिचे काही ऐकू नकोस. ती रडेल, शर्यत जाईल, मोसम जाईल, कदाचित तुझ्याशी बोलायचीही नाही. जाऊ दे सगळे. जो आकडा दिसेल तो कागदावर लिही आणि तो कुणालाही, विशेषतः मला, खिशात ठेवायला देऊ नकोस. आधी चिठ्ठी उघडली असतीस तर तू दानिलोपाशीच थांबली असतीस, ओर्नेलापर्यंत पोचली नसतीस. आता ती उघड, आकडा बघ, आणि हे पत्र हातात धरूनच तिच्याकडे धावत जायचे असेल तर जा.

तुझाच,
हा शब्द लिहिण्याचा अधिकार नसलेला,
पापा